बाळंतपणाच्या रजेनंतर ड्युटीवर परतताना: परिचारिका मातांसाठी

रजेवरून परतणाऱ्या परिचारिकेला व्यवस्थापनाने ‘काळजी करू नका, आम्ही सांभाळून घेऊ’ असे म्हटले की तिला हायसे वाटते. परंतु अनेक वर्षे वॉर्डाची ड्युटी लिस्ट लावल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, जो आधार त्या लिस्टवर उतरत नाही, तो गर्दीच्या पहिल्याच आठवड्यात विरून जातो. म्हणून जे मागायचे ते नेमके, लेखी आणि वेळेआधी मागावे.

गरोदरपण कळवतानाच मेट्रनना अर्ज द्यावा व पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. केमोथेरपीची औषधे जेथे तयार होतात, तेथील नेमणूक बदलून मागण्यात संकोच करू नये. 2017 च्या कायदादुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ज्यांच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, त्यांना ही रक्कम रुग्णालयाकडून नव्हे, तर त्या विमा महामंडळाकडून मिळते, त्यामुळे तेथील कागदपत्रे सातव्या महिन्यातच तपासून घ्यावीत.

रुजू होण्यापूर्वी इन्चार्ज सिस्टरना भेटावे. ‘जरा सोयीच्या ड्युट्या द्या’ एवढेच म्हटल्याने त्यांच्या हाती काही लागत नाही; ‘पहिले दोन महिने मॉर्निंग, आणि पुढेही इव्हनिंगला लागून मॉर्निंग नको’ असे सांगितले की त्यांना लिस्ट लावता येते. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी दिवसातून दोनदा जादा सुट्टी मिळण्याचा हक्क आहे, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते. तरीही वॉर्ड भरलेला असताना ही सुट्टी कागदावरच राहते, म्हणून तेवढ्या वेळात आपले रुग्ण कोणती सिस्टर पाहील, हे ओव्हर घेतानाच (आधीच्या पाळीकडून रुग्णांचा ताबा घेतानाच) तिच्याशी बोलून ठरवावे.

दूध काढण्याची सवय रुजू होण्याआधी पंधरा दिवस करावी. ड्युटीवर साधारण दर तीन तासांनी दूध काढले नाही, तर छाती दगडासारखी होते आणि दूधही आटू लागते. त्यासाठी आडोशाची, कडी लागणारी खोली मागावी. बाथरूममध्ये दूध काढण्याची वेळ कोणत्याही आईवर येऊ नये, असे मला मनापासून वाटते. मी बाटलीवर, सॅम्पलला लावतो तशी पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहीत असे. फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूस ठेवल्यास दूध चार दिवस टिकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र ते बाहेर ठेवूच नये. पाजण्यापूर्वी बाटली कोमट पाण्यात धरावी, दूध उकळू नये.

नाईट करून आल्यावर आंघोळ करून बाळाला पाजावे आणि मग किमान चार तास सलग झोपावे. त्या वेळी बाळ कोणाकडे, हे लिस्ट लागते त्याच दिवशी घरात ठरलेले असावे. आमच्या घरी ड्युटी लिस्टची एक प्रत फ्रिजवर लावलेली असे, आणि माझ्या नाईटच्या रकान्यांवर सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लाल खुणा केलेल्या असत.