सुट्टीत अचानक ठरलं तर: सौंदत्तीचा डोंगर आणि गोकाक फॉल एका दिवसात

सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता घरात कुणीतरी म्हणतंय "जाऊया की कुठंतरी", आणि मग दहा वाजेपर्यंत नुसती चर्चाच चालते. बेळगावातनं असं अचानक निघायचं असेल तर माझं एकच सांगणं, पहिला सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा, म्हणजे रेणुकादेवी, आणि नंतर गोकाकचा धबधबा. उलटं करू नका. गोकाक जवळ वाटतंय म्हणून बरेच जण आधी तिकडं जातात, तिथंच रमतात, आणि डोंगरावर पोचेपर्यंत दर्शनाची लाईन एवढी वाढलेली असते की बारकी पोरं भुकेनं रडायला लागतात. धबधब्याला लाईन नसते, तो दुपारी तीनला पण तसाच कोसळत असतोय.

आधी कॅलेंडर बघा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा हे देवीचे दिवस, त्यातनं मार्गशीर्ष नाहीतर माघातली पौर्णिमा असेल तर कोल्हापूर-सांगलीकडनं ट्रकच्या ट्रक भरून माणसं येतात, त्या दिवशी सहज म्हणून जायचं ठिकाण नव्हे ते. तसं असेल तर सौंदत्ती सोडा आणि सरळ गोकाकला जा, तिथं महालिंगेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहेच, दर्शन चुकत नाही. आणि धबधबा बघायचाच असेल तर जुलै ते सप्टेंबर, उन्हाळ्यात नुसता खडक दिसतोय.

सात-साडेसातला घर सोडा. सांबरा, नेसरगी, यरगट्टी करत सौंदत्तीला जायला दोन तास धरून चाला. बसनं जाणार असाल तर मध्यवर्ती बसस्थानकावर बोर्ड कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसेल तर लाजायचं काय नाही, कंडक्टरला सरळ "यल्लम्मन गुड्डक्क होगतैतेनरी?" (यल्लम्माच्या डोंगराला जाते का?) विचारा, नीट सांगतात. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला शक्ती योजनेत फुकट प्रवास आहे, पण आधार कार्ड जवळ पाहिजे. चंदगड-गडहिंग्लजकडनं पाहुण्या आल्या असतील तर त्यांचं तिकीट काढायला लागतंय, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे बसमध्ये वाद नको.

डोंगराच्या पायथ्याला जोगुळभावीचं कुंड लागतं, तिथं हातपाय धुऊन सत्यव्वा देवीचं दर्शन घ्यायचं आणि मग वर जायचं, जुनी माणसं हा क्रम मोडत नाहीत आणि तुम्हीपण मोडू नका. वर चौंडक्याचा आवाज, "उदं गं आई उदं", आणि सगळीकडं भंडारा. कपाळाला लावलेला भंडारा घामानं भुवईत उतरतोय, हाताच्या रेषा दिवसभर पिवळ्या राहतात, म्हणून पांढरे कपडे घालू नका आणि गाडीच्या सीटवर जुना टॉवेल टाका. घरनं निवद न्यायचा असेल तर अचानक ठरल्यावर पुरणाच्या नादाला लागू नका, नारळ, हळद-कुंकू, लिंबू सगळं तिथं मिळतंय. परशुरामाचं देऊळ तिथंच आहे, आईचं दर्शन घेऊन लेकाला न भेटता येऊ नका. वर सावली कमी, पाण्याच्या बाटल्या खालनंच भरून न्या.

बारा वाजले की डोंगर सोडायचा. हे एवढं पाळलं तरच पुढचं जमतंय. जेवण यरगट्टीला किंवा वाटेत जी खानावळ दिसेल तिथं, ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरलं वांगं), शेंगा चटणी, पोट भरतंय आणि वेळ पण जात नाही. गोकाक गाव लागलं की करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) आधीच घेऊन टाका, फॉल तिथनं सहाएक किलोमीटर पुढं आहे आणि परत गावात वळायला कंटाळा येतोय.

फॉलचा आवाज आधी येतोय, मग घटप्रभा दिसते. पावसाळ्यात लालसर गढूळ पाणी, घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरनं जवळपास ५२ मीटर खाली. याच पाण्याच्या जोरावर १८८७ मध्ये इथल्या सूतगिरणीसाठी वीज तयार केली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या वीजनिर्मितीपैकी ही एक. झुलता पूल साधारण २०० मीटर लांब, मधोमध गेलं की पायाखाली हलतोय आणि तुषारानं चष्मा पुसून पुसून दमायला होतंय. पाणी जास्त असलं की पूल बंद ठेवतात, अशावेळी वॉचमनशी हुज्जत घालू नका, अलीकडनंच बघा. आणि कड्याच्या टोकाला सेल्फीसाठी जाऊ नका ओ, पाण्यानं घासून खडक गुळगुळीत झालाय, शेवाळ दिसत नाही पण पाय सटकतोय. पोरांचा हात सोडायचा नाही. माकडं असतात, खाऊची पिशवी उघडी धरू नका.

परत येताना अंकलगीवरनं या. त्याच बाजूला मार्कंडेय नदीवर गोडचिनमलकीचा धबधबा आहे, दोन टप्प्यात पडतोय आणि माझ्या मते गोकाकपेक्षा शांत बसायला चांगला, पण पाचच्या आत पोचणार असाल तरच गाडी वळवा, नाहीतर तो पुढच्या सुट्टीला ठेवा, ओल्या दगडावरनं अंधारात पोराबाळांना घेऊन चालायचं धाडस नको.