झाडावर चढायच्या पायऱ्यांची दोरी बदलताय? या चुका टाळा

झाडाला बांधायच्या सुट्या पायऱ्या, म्हणजे क्लाइंबिंग स्टिक, घेतल्या की त्यांच्यासोबत आलेले पट्टे थोड्याच दिवसांत नकोसे होतात. एक तर ते जाड. भिजले की आणखी जड. त्यात बकल अंधारात पायरीच्या नळीवर आपटून टणटण वाजतं, आणि ज्याला गुपचूप मचाणावर जाऊन बसायचंय त्याची तिथेच पंचाईत होते. मग कुठेतरी डायनीमाच्या, म्हणजे पॉलिथिलीनच्या अतिमजबूत धाग्याच्या, दोरीबद्दल कळतं. सहा मिलिमीटर जाडीची दोरी तीन टनांहून जास्त ताण झेलते, वजन नावालाच, पाणीही पीत नाही. एवढं वाचलं की हात कात्रीकडे जातोच.

बदल करू नका असं मी म्हणणार नाही. पण दोरी निवडताना लोक फक्त ‘किती वजनाला तुटेल’ हाच आकडा बघतात. एका माणसाच्या वजनाने चांगली दोरी तुटत नसते. ती पायरीवरच्या खुंटीवरून (जिला दोरी गुंडाळतात तिच्यावरून) सरकते, तिची गाठ निसटते, नाहीतर सगळी पायरीच खोडावर गोल फिरते. यातलं काहीही ताकद कमी पडली म्हणून होत नाही. पकड कमी पडली म्हणून होतं, आणि डायनीमा हा धागा मुळातच गुळगुळीत.

नायलॉनची गाठ डायनीमाला मारणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नायलॉनच्या दोरीत वर्षानुवर्षं बसणारी गाठ या दोरीत हळूहळू घसरत बाहेर येते. हाताने ओढून बघितली तर पक्की वाटते, चढ-उताराचे धक्के बसायला लागले की शेपूट आखूड होत जाते. जी गाठ टिकते तीसुद्धा दोरीची निम्म्याच्या आसपास ताकद खाऊन टाकते.

त्यामुळे टोकाला फास हवा असेल तर गाठ न मारता स्प्लाइस करावा. बारा पदरी दोरी आतून पोकळ विणलेली असते. टोक वळवून त्याच दोरीच्या पोटात घालायचं, म्हणजे ताण आला की बाहेरची वीण आतल्या शेपटीला आवळून धरते. शेपूट किती आत घालायची, तर दोरीच्या जाडीच्या ७२ पट. सहा मिलिमीटरच्या दोरीला म्हणजे साधारण ४३ सेंटीमीटर. लोक १०-१५ सेंटीमीटर घालून मोकळे होतात, कारण हाताने ओढल्यावर तेवढंही घट्ट वाटतं.

आणखी दोन गोष्टी हमखास राहून जातात. आत घालायच्या आधी शेपटीचे पदर थोड्या थोड्या अंतराने कापून ती निमुळती करायची असते. तशी केली नाही तर शेपूट जिथे संपते तिथे दोरी एकदम बारीक होते आणि ताण नेमका त्या जागी एकवटतो. दुसरी गोष्ट म्हणजे टाके. स्प्लाइस आवळतो तो ताणाखाली, ताण नसला की सैल पडतो. आपली दोरी तर निम्मा वेळ पिशवीत गुंडाळलेली, हिंदकळत असते. फासाच्या मुळाशी आरपार टाके घातले नाहीत तर शेपूट तिथल्या तिथे बाहेर सरकू शकते. दर वेळी बांधण्याआधी त्या जागेवरून बोट फिरवावं, कुठे टोक टोचतंय का ते लगेच कळतं.

स्प्लाइस जमत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. वरून पॉलिएस्टरचं आवरण असलेली दोरी घ्या. ती थोडी जाड पडते, पण गाठ धरते. गाठीबाहेर वीतभर शेपूट मात्र ठेवा.

जुन्या बकलातच नवी दोरी कोंबणे

ते बकल चपट्या पट्ट्यासाठी केलेलं असतं. पट्टा त्याच्या दातांवर पूर्ण रुंदीभर बसतो, गोल दोरी एखाद-दुसऱ्या दातावरच टेकते. शिडाच्या होड्यांवर असतो तसा दात्यांचा क्लीट, म्हणजे दोरी दातांत अडकवून धरणारी पकड, लावत असाल तर तो किती जाडीच्या दोरीसाठी आहे हे पाहून घ्या. त्याहून बारीक दोरी आधी धरल्यासारखी वाटते आणि पाय बाजूला पडला की सुटते.

पायरीला खुंटी असेल तर उत्तम, वेढे घेऊन काम होतं. फक्त जुन्या दोरीला दोन वेढे पुरत होते म्हणून नवीलाही पुरतील असं धरून चालू नका. एक-दोन वेढे जास्त घ्या, आणि शेवटचा वेढा स्वतःच्याच खाली दाबला जाईल असा घ्या. खुंटीच्या कडेवर आणि दोरी जाते त्या खाचेत आधी कापसाचा बोळा फिरवा. बोळ्याचे तंतू अडकले तर तिथे धातूचा कंगोरा आहे, तो पॉलिश पेपरने घासून टाका.

ग्रॅमांचा हव्यास

सहा मिलिमीटरची दोरी मीटरला २०-२५ ग्रॅम भरते, म्हणजे अडीच मीटरचा तुकडा ६० ग्रॅमच्या आसपास. तीन मिलिमीटरची घेतली तर तोच तुकडा १५-२० ग्रॅमचा. चार पायऱ्यांचे मिळून दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वाचले. बदल्यात काय मिळालं? ओल्या हाताने ओढता न येणारी, तळव्यात रुतणारी, सालीत घुसणारी आणि उतरताना नखं तुटली तरी न सुटणारी सुतळी. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबी मात्र नीट मोजा. ४० सेंटीमीटर व्यासाच्या खोडाचा घेरच सव्वा मीटरच्या पुढे जातो, वेढे आणि शेपूट त्याच्या वर. ठरावीक अंतरावर फास असलेली साखळी-दोरी वापरणार असाल तर फास जवळजवळ हवेत. नाहीतर एका फासात पायरी ढिली आणि पुढचा फास खुंटीपर्यंत पोचत नाही, अशी रडकथा होते.

पायरी खाली बसते किंवा फिरते, तेव्हा

नायलॉन ताणला की रबरासारखा थोडा लांबतो, आणि साल दबली तरी ती ढील स्वतःच भरून काढतो. डायनीमा जवळजवळ लांबतच नाही. सालीचा एखादा पापुद्रा मिलिमीटरभर दबला की ताण गेलाच. म्हणून नवी दोरी लावल्यावर पायरी पहिल्या पावलाला कचकन दोन-तीन सेंटीमीटर खाली बसते. यावर उपाय बांधतानाच करायचा. खोडामागचा वेढा पुढच्या खुंटीपेक्षा जरा वर ठेवा, दोरी कचकचीत ओढून बांधा, मग पायरी दोन्ही हातांनी खाली दाबा. मागची बाजू वर असली की खाली सरकताना दोरी आणखी आवळते. मागची बाजू खाली असली तर नेमकं उलट होतं, पायरी जितकी सरकेल तितकी दोरी ढिली. दाबून झाल्यावर पुन्हा एकदा ताण द्या.

पायरी बाजूला फिरत असेल तर आधी झाड बघा. गुळगुळीत सालीच्या, ओल्या किंवा शेवाळलेल्या खोडावर रुंद पट्टा जे धरतो ते गोल, निसरडी दोरी धरत नाही. खोडाभोवती एकाऐवजी दोन वेढे घेतले तर फरक पडतो. तरीही फिरत असेल तर त्या झाडासाठी मूळ पट्टाच वापरा, म्हणून तो फेकून देऊ नका. आणि कुठलीही नवी जोडणी आधी गुडघ्याएवढ्या उंचीवर तपासा. मधे उभे राहा, मग मुद्दाम एका कडेला वजन टाका. जमल्यास दोरी भिजवून पुन्हा करून बघा.

हार्नेसच्या दोरीला हात लावणे

पायऱ्यांवर ग्रॅम वाचले की काहींची नजर हार्नेसच्या, म्हणजे अंगावर घालायच्या सुरक्षापट्ट्याच्या, कमरेच्या दोरीकडे आणि जीवरक्षक दोरीकडे वळते. तिथे हा प्रयोग अजिबात नको. डायनीमा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, नायलॉन २२० अंशांच्या पुढे. दोरीवर सरकणाऱ्या गाठीला घासून घासून उष्णता चढते. त्याहून मोठी भीती धक्क्याची. लवचीक नसलेल्या दोरीवर माणूस थोडासाही पडला तरी तो सगळा धक्का शरीर आणि फांदी खातात. हार्नेससोबत निर्मात्याने दिलेली किंवा त्याच कामासाठी प्रमाणित केलेली दोरीच तिथे राहू द्या, आणि जमिनीवरून पाय उचलायच्या आधी ती अडकवा. पायरीवर छापलेली भारक्षमतासुद्धा मूळ पट्ट्यासकट तपासलेली असते. दोरी बदलली की त्या आकड्यावर विसंबता येत नाही.

माल खरा आहे का?

‘पाण्यावर तरंगते म्हणजे डायनीमा’ ही चाचणी अर्धवट आहे. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात हे खरं, पण स्वस्तातली पॉलिप्रॉपिलीनची दोरीही मजेत तरंगते. जाडीनुसार तुटभार लिहिलेला नसेल तर ती दोरी सामान बांधायला ठेवा.

दोरी झाडावर महिनोन्‌महिने सोडूनही देऊ नका. ऊन तिला खातं, खारी-उंदीर कुरतडतात, आणि खोड जाड होत गेलं की दोरी सालीत रुतून झाडाचाच गळा आवळते. काढून घरी आणली की खुंटीवर बसणारा भाग उजेडात धरून बघा. थोडी लव आली असेल तर काळजी नाही. चकचकीत, कडक पट्टा दिसला तर तो बोटांत धरून पुढेमागे वाकवा. मऊ पडला तर नुसता दाबाने चपटा झालाय, दोरी वापरता येईल. कडकच राहिला तर धागे वितळलेत आणि ती दोरी गेली. एखादा पदर कापला गेला असेल तर तीही बाद.