एमजीबीचं स्टिअरिंग बिघडलंय? आधी खालून बघा

जुन्या एमजीबीच्या, म्हणजे त्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, स्टिअरिंगची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, ढिलं आहे की जड? जड असेल तर सगळीकडे सारखंच, की ठरावीक जागी अडकतं? याचं नीट उत्तर मिळालं की अर्धं काम बॉनेट उघडायच्या आधीच होतं. अख्खा कॉलम, म्हणजे स्टिअरिंग व्हीलपासून खाली जाणारा दांडा आणि त्याची नळी, बदलायची घाई मात्र नको. दोष बहुतेक वेळा त्याच्या खालच्या टोकाला, नाहीतर त्याच्याही पुढे निघतो.

ढिलेपणा आधी घेऊ. गाडी चारी चाकांवर उभी, इंजिन बंद, स्टिअरिंग लॉक असेल तर सोडलेलं. एकाला आत बसवा आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे दोन-तीन इंचच हलवायला सांगा. तुम्ही युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे कॉलमला खाली रॅकशी जोडणाऱ्या सांध्यावर, बोटं ठेवा, एक वरच्या योकवर (सांध्याच्या अर्ध्या भागावर), एक खालच्या. वरचा आधी हलला आणि खालचा मागाहून आला, तर जॉइंट गेला. डोळ्यांना न दिसणारा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटांना लगेच कळतो. दोन्ही एकदम हलत असतील तर तसेच पुढे सरका : रॅक (चाकं वळवणारा आडवा दातेरी दांडा) धरून ठेवणारे बोल्ट, मग रॅकला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडचे बॉल जॉइंट. स्टिअरिंग व्हीलच वर-खाली डुगडुगत असेल तर कॉलमच्या वरच्या टोकाचा बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी नळी, झिजलाय, बाकी काही शोधू नका.

जॉइंट बदलताना क्लॅम्पचा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो, कारण तो शाफ्टवरच्या खाचेतून जातो. बसवताना हाच बोल्ट तुमचा तपासनीस. हाताने सरळ आरपार गेला तर शाफ्ट बरोबर बसलाय. हातोडी घ्यावीशी वाटली तर थांबा, शाफ्ट जागेवर नाही. सेल्फ-लॉकिंग नट नवेच लावा.

हातोडीवरून आठवलं, व्हील काढताना शाफ्टवर ठोकू नका. अमेरिकेसाठी बनलेल्या 1968 मॉडेलपासूनच्या गाड्यांत अपघातात दबणारा कॉलम आहे. ठोकलात तर आतल्या प्लास्टिकच्या पिना तुटतात. नट चार आटे ठेवून सैल करा आणि व्हील दोन्ही हातांनी हलवत हलवत ओढा. नट तसाच असल्यामुळे ते तोंडावरही येत नाही.

आता जड स्टिअरिंग. पुढच्या टायरमधली हवा बघा, मग गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. एका पूर्ण फेऱ्यात दोनदा अडकत असेल तर जॉइंट गंजलाय किंवा कॉलम आणि रॅक एका रेषेत नाहीत. दुसऱ्यावर उपाय असा : कॉलमच्या ब्रॅकेटचे सगळे बोल्ट सैल करून त्याला स्वतःची जागा घेऊ द्या. मग थोडे थोडे कसत, प्रत्येक वेळी व्हील फिरवून बघा. ज्या बोल्टला अडकायला लागलं, तिथे फट आहे. ती शिम, म्हणजे पातळ पत्र्याची चकती, घालून भरा, बोल्टने ओढून बंद करू नका. नाहीतर नवा जॉइंटही लवकरच जुन्याच्या वाटेने जाईल.

सगळीकडे सारखंच जड असेल तर टाय रॉडची टोकं सोडा. आता व्हील हलकं फिरलं तर कॉलम निर्दोष, किंग पिन, म्हणजे पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या उभ्या पिना, कोरड्या आहेत. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, ही त्याचीच खूण. प्रत्येक बाजूला ग्रीस भरायची तीन तोंडं, म्हणजे निपल, असतात आणि मधला हमखास राहून जातो. चाकं हवेत असतानाच, काळं ग्रीस संपून नवं दिसेपर्यंत ग्रीस गन मारा. टोकं सोडूनही जडच राहिलं तर रॅकचे रबरी बूट बघा. फाटले असतील तर आतलं तेल कधीच गळून गेलेलं असतं.

रॅक मधोमध ढिला लागतो म्हणून त्याच्यावर दाब देणाऱ्या भागाखालच्या शिम काढून तो घट्ट करणारे खूप भेटतात. रॅक मधेच जास्त झिजतो, कडेला नाही. मधला प्ले मारला की पूर्ण वळवताना तो अडकतो, आणि तसं वळणात अडकणारं स्टिअरिंग ढिल्यापेक्षा धोक्याचं. असा रॅक सरळ बदला, आणि टाय रॉड परत जोडल्यावर अलाइनमेंट करून घ्या.