कडक उन्हात ब्रॉयलरला खाद्य कधी घालावे

दौंड, बारामती, इंदापूर, शिरूर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. या दिवसांत संध्याकाळी मेलेला ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, हातात घेऊन बघा. दीड-दोन किलोचा, चांगला भरलेला, गळ्याखालची पिशवी खाद्याने टच्च. दुपारी जो खातो तोच आधी जातो.

कारण साधे आहे. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर साधारण चार ते सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी दहाला खाल्लेले दुपारी तीनला, म्हणजे ऐन तापात बाधते. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग थंड करते.

म्हणून तीन आठवड्यांपुढच्या पक्ष्यांचे फीडर (खाद्याची टांगती भांडी) सकाळी आठ-नऊलाच वर ओढून घ्या. पक्षी धापा टाकू लागल्यावर उचलून उपयोग नाही. लहान पिलांना मात्र उपाशी ठेवू नका, त्यांना ऊब लागतेच. संध्याकाळी शेड निवल्यावर खाद्य द्या. सहा वाजले तरी पक्षी धापा टाकत असतील तर आणखी थांबा. फीडर आधी भरून घ्या आणि सगळे एकदमच खाली सोडा. एकेक सोडला तर पक्षी एकमेकांवर चढतात, ओरखडे पडतात, खालचे गुदमरतात. उपाशी पक्षी एकदम धावतात, म्हणून चाळीस पक्ष्यांमागे एक फीडर ठेवा. रात्री दहा-अकरापर्यंत दिवा, मग पाच-सहा तास अंधार, पहाटे चारला पुन्हा दिवा. दिवसभराचे बुडालेले खाणे इथेच भरून निघते.

पाणी मात्र क्षणभरही तुटता कामा नये. एरवी खाद्याच्या दुप्पट लागते, उन्हाळ्यात चौपटीपर्यंत जाते. पाच आठवड्यांचे हजार पक्षी दिवसाला दीडशे किलोच्या आसपास खातात. टाकी त्या हिशेबाने सहाशे लिटरची धरा. टाकीवर सावली, भोवती ओले बारदान, आणि दुपारी पाइपातले तापलेले पाणी दर तासाला सोडून द्या. तापलेले पाणी पक्षी कमी पितो.

धापा टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताचे आम्ल-अल्कली संतुलन बिघडते. त्यासाठी लिटरला एक ग्रॅम खाण्याचा सोडा पाण्यातून द्या. खाद्यात सोडा असेल तर पाण्यात घालू नका. व्हिटॅमिन सी त्याच पाण्यात मिसळू नका, दोघांची आम्ल-अल्कली झटापट होते. ते वेगळ्या वेळी द्या. लस पाजायची असेल त्या दिवशी दोन्ही बंद.

कंपनीच्या करारावर पक्षी पाळणाऱ्याच्या हातात खाद्याचे सूत्र नसते. स्वतः मिसळत असाल तर मक्याचा थोडा भाग कमी करून तेल वाढवा, कारण तेल पचताना उष्णता कमी निघते. प्रथिने नुसती वाढवू नका, जादा प्रथिनाची उष्णताच होते; थोडी कमी करून लायसिन आणि मिथिओनिन ही गरजेची अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) बरोबर ठेवा. तेल वाढवलेले खाद्य मात्र उन्हात लवकर खवट होते. पत्र्याखाली थप्पी लावू नका आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त साठा करू नका.