मित्रांसोबत फुकेतच्या बेटांमध्ये बोटीने फिरण्यासाठी

थायलंडमधील फुकेत बेटाभोवतीच्या समुद्रात नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ईशान्येचा कोरडा वारा वाहतो आणि जमिनीकडून येणाऱ्या या वाऱ्यामुळे लाटा फारशा उठत नाहीत. चार-सहा मित्रांनी शिडाची बोट आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी आणि रोज नव्या बेटाच्या आडोशाला मुक्काम करावा, यासाठी डिसेंबर ते मार्च हे महिने सर्वांत चांगले. मे ते ऑक्टोबर या काळात आपल्याकडच्याप्रमाणे तेथेही नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, तेव्हा पहिल्याच सफरीसाठी तो काळ निवडू नये.

महिना ठरला की आठवडा मात्र पंचांग पाहून ठरवावा, असे मी आग्रहाने सांगेन. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी भांगाची, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची, भरती असते, हा चंद्राचा नियम मुंबईला लागू आहे तसाच फुकेतलाही आहे. षष्ठी ते द्वादशी असा आठवडा साधला, तर पाण्याची चढ-उतार कमी राहते, बेटांमधल्या अरुंद जागांतील प्रवाह मंदावतो आणि नवख्या मंडळींना नांगर टाकणे सोपे जाते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्या किनाऱ्यावरचा हिशोब मात्र तेथे वापरू नये, कारण भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची वेगळी असते. तेथील भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक बोटीवर हवेच.

बोट तुम्ही स्वतः चालवणार की कप्तानासह घेणार, हा पुढचा प्रश्न. गटातील निदान दोघांना शिडाच्या मोठ्या बोटीचा खरा सराव नसेल, तर कप्तान घ्यावा आणि त्यात कमीपणा मानू नये. भाड्याने देणारे प्रमाणपत्र किंवा अनुभवाचा तपशील मागतात, पण त्यांनी मागितला नाही तरी तो प्रश्न आपणच स्वतःला विचारायला हवा. मुंबईत ऑक्टोबर ते मे या हंगामात गेटवेसमोर आणि मांडव्याच्या बाजूला शिडाच्या बोटींवर शिकता येते. मोठ्या उधाणाला मुंबईच्या भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो, तर फुकेतला तो साधारण अडीच मीटर असतो. म्हणून येथे पाण्याचा अंदाज घ्यायला शिकलेल्या माणसाला तेथे गोंधळायला होत नाही. कप्तान घेतला नाही, तर आपल्यापैकी एकाला तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नेमावे. निघायचे की थांबायचे, याबाबत त्याचाच शब्द शेवटचा राहील, हे विमानात बसण्यापूर्वी सर्वांनी मान्य केलेले असावे. मैत्रीत मतदानाने सहलीचे ठिकाण ठरते, वारा वाढल्यावर शीड कधी कमी करायचे हे ठरत नाही.

सहा-आठ जणांसाठी साधारण चाळीस फुटी कॅटामरान, म्हणजे शेजारी शेजारी दोन सांगाडे जोडलेली बोट, सोयीची. तिच्यात चार खोल्या मिळतात, ती एका बाजूला झुकत नाही आणि तिचा तळ सुमारे सव्वा मीटरच खोल असल्याने फुकेतच्या ईशान्येकडील उथळ फांग ङा उपसागरात ती निर्धास्त फिरते. वेग ताशी पाच-सहा सागरी मैल धरावा. त्या हिशोबाने वीस मैलांना जवळजवळ चार तास लागतात आणि दिवसाचा प्रवास त्याहून लांब ठेवू नये. दुपारी चारच्या आत नांगर पडलेला असावा, कारण ऊन तिरपे झाले की पाण्याखालचे प्रवाळ दिसेनासे होते. अंधार पडल्यावर तर बोट हलवूच नये, कारण मासेमारीची जाळी आणि त्यांच्या खुणेची तरंगती डबडी रात्री दिसत नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस फांग ङा उपसागरातच घालवावेत. पाण्यातून सरळ उभे राहिलेले चुनखडीचे सुळके, को फनाकसारखी पोकळ बेटे आणि को याओ नोईचा शांत किनारा तेथे जवळजवळ आहेत. या बेटांच्या पोटात ‘हाँग’ नावाच्या उघड्या आकाशाच्या खोल्या असतात आणि काहींत बुटक्या गुहेतून छोट्या होडीने शिरता येते. पाणी चढू लागले की गुहेचे छत पाण्याला टेकते, म्हणून वेळापत्रक पाहूनच आत जावे आणि ओहोटी संपण्यापूर्वी बाहेर यावे. त्यानंतर दक्षिणेला फी फी बेटांकडे वळावे. तेथील माया बे प्रवाळाच्या हानीमुळे 2018 मध्ये बंद केली होती आणि 2022 मध्ये ती पुन्हा उघडली. आता बोटींना खाडीत प्रवेश नाही, बेटाच्या मागच्या बाजूने उतरून चालत जावे लागते. हा नियम मला अगदी योग्य वाटतो. थायलंडच्या सागरी उद्यानांत प्रवाळाला अपायकारक रसायने असलेल्या सनस्क्रीनवर 2021 पासून बंदी आहे, तेव्हा मुंबईतून नेताना बाटलीवरील घटक वाचावेत.

नांगराचा हिशोब तोंडपाठ हवा. नांगर टाकताना खोली सहा मीटर आहे, भरतीला पाणी अडीच मीटर चढणार आहे आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यापासून दीड मीटर उंच आहे, असे समजा. बेरीज दहा मीटर होते, तिच्या पाचपट म्हणजे पन्नास मीटर साखळी सोडावी. नांगर वाळूत किंवा चिखलात टाकावा, प्रवाळावर कधीही नाही. जेथे बोया, म्हणजे तळाशी बांधलेले तरंगते पिंप, असेल, तेथे त्यालाच बोट बांधावी. नंतर इंजिन हळूहळू मागे देऊन नांगर रुतला की नाही ते पाहावे, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्ध्या तासाने पुन्हा तपासाव्यात.

बोटीवरील पाणी सहाशे लिटर असेल, तर आठ जणांना सहा दिवसांत माणशी रोज साडेबारा लिटरच येते. पिण्याचे पाणी वेगळे भरावे आणि भांडी आधी समुद्राच्या पाण्याने विसळावीत. शेगडी लहान असते, म्हणून पोहे, भाजलेला रवा, मेतकूट, गोडा मसाला असा सुका शिधा घरूनच न्यावा. गटात शाकाहारी कोणी असेल, तर तेथील साध्या भाजीतही माशाचे सॉस असते हे लक्षात ठेवावे. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. आलेपाकाच्या वड्या सर्वांसाठीच ठेवाव्यात.

खर्चासाठी कॉन्ट्री आधीच जमा करावी. बोटीच्या अनामत रकमेतून नुकसान कापले गेले, तर ते सर्वांमध्ये समान वाटायचे, हे लिहून ठेवावे. सुकाणू कोणाच्या हाती होते यावरून नंतर वाद होतात आणि ते टाळणे सोपे आहे.

परतीचा दिवस सैल ठेवावा. फुकेतच्या काही मरिनांच्या, म्हणजे बोटी लावण्याच्या धक्क्यांच्या, वाटेत पाणी भरतीलाच पुरेसे असते. सकाळी बोट परत करायची असेल, तर आदल्या संध्याकाळी जवळच्या आडोशाला नांगर टाकावा, डिझेल भरून घ्यावे आणि बोटीची तपासणी मालकाच्या माणसासमोरच करावी. मुंबईचे विमान त्याच रात्रीचे नको, दुसऱ्या दिवशीचे घ्यावे.