शाळेतल्या सर्दी-तापाची नोंद ठेवताना या चुका टाळा

जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर, मुरबाडकडच्या जिल्हा परिषद शाळेत हजेरी कोसळली, तर साथ आली म्हणण्याआधी शेताकडे बघा. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, चालू असते. आईबाप चिखलात आणि चौथीतली पोर घरी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली. अशी नोंद ठेवायला लागलो त्या पहिल्या वर्षी आमचा हाच घोटाळा झाला. हजेरीतली घट फ्लूची मानली, पाड्यावर गेलो तर खरोखर आजारी मुलं दोनच. पंचाईत अशी, की महाराष्ट्रात फ्लूचा जोर याच पावसाळ्यात असतो, नंतर पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे आवणी आणि आजार एकाच महिन्यात येतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हाही वर्ग असेच ओस पडतात.

म्हणून नुसतं ‘गैरहजर’ लिहिणं ही पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. हजेरीपटात खाडाखोड नको, शंभर पानी वेगळी वही घाला. गैरहजर मुलापुढे एक अक्षर लिहा: आजारी असेल तर ‘आ’, काम असेल तर ‘का’, स्थलांतराला ‘स्थ’. कारण शेजारच्या घरातल्या मुलांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. कळलं नाही तर प्रश्नचिन्ह काढा. अंदाजाने ‘आ’ लिहिलंत तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

आजाराची व्याख्या रोज बदलू नका. एक गुरुजी नाक गळतंय म्हणून नोंद करतात, दुसऱ्या बाई कपाळाला हात लावून ‘ताप आहे’ म्हणतात. मग दोन शाळांची तुलना करायची कशी? जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या सोपी आहे: 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सोबत खोकला, आणि आजार गेल्या 10 दिवसांत सुरू झालेला. डिजिटल थर्मामीटर वापरा. सकाळी तापाचं औषध पाजलंय का, हे आधी विचारा. पाजलं असेल तर थर्मामीटर कदाचित ताप दाखवणार नाही. मात्र लहान मुलाला अनेकदा ताप नसताना नुसती सर्दी-खोकला असतो. त्या मुलांसाठी वेगळा रकाना ठेवा, त्यांना वगळू नका.

आजारी मुलांचा आकडा कळवताना पट, म्हणजे शाळेतल्या एकूण मुलांची संख्याही कळवा. 18 च्या पटात 4 आजारी आणि 60 च्या पटात 4 आजारी यांत फार फरक आहे. आणि कोणी आजारी नसेल तेव्हा निरंक, म्हणजे ‘शून्य आजारी’ असा अहवाल द्याच. रिकाम्या आठवड्याचा अर्थ ‘सगळे बरे’ की ‘गुरुजी प्रशिक्षणाला गेले होते’, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. डोळखांब, टोकावड्याकडे रेंज मिळत नसेल तर कागदावर लिहून उपकेंद्रातल्या नर्सताईंकडे पोहोचवा. आकडा एकदम शून्य किंवा दुप्पट दिसला, तर आधी शाळेला सुट्टी होती का आणि नोंद करणारा माणूस बदलला का, ते तपासा.

नमुना उशिरा घेऊ नका. स्वॅब घेणं, म्हणजे नाकात-घशात बोळ्याची काडी फिरवून तपासणीसाठी नमुना घेणं, आरोग्य कर्मचाऱ्याचं काम, पण मूल आजारी आहे हे वेळेवर कळवणं शाळेच्या हातात आहे. पहिल्या तीन-चार दिवसांत विषाणू सापडण्याची शक्यता जास्त. लाकडी काडीचा कापसाचा बोळा चालत नाही, त्याने पीसीआर, म्हणजे विषाणू शोधायच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत अडथळा येतो. कृत्रिम धाग्याचा स्वॅब लागतो. नमुना 2 ते 8 अंशांत ठेवून शक्यतो 72 तासांत प्रयोगशाळेत जायला हवा. घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात तो ठेवू नका: गोठून पुन्हा वितळला की विषाणू खराब होतो.

अहवालात विषाणू निघाला म्हणजे आजार त्याचाच, असंही लगेच धरू नका. साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस तर खेळत्या-बागडत्या मुलांच्या नाकातही सापडतो. फ्लू किंवा आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणू) निघाला आणि त्याच वाडीत खोकणारी मुलंही वाढलीत, तेव्हा मात्र ती बातमी आहे. घरात तान्हं बाळ असेल तर आरएसव्हीची काळजी जास्त.

आणि अहवालाची वाट बघत मूल घरी ठेवणं ही चूक जिवावर बेतते. पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा, मूल शांत असताना. पाच वर्षांवरच्या मुलाचा श्वास 30 च्या वर, एक ते पाच वर्षांच्या भावंडाचा 40 किंवा जास्त, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, ओठ निळसर, पाणीही न पिणं, यांतलं काहीही दिसलं तर 108 ला फोन करा. उरलेलं अँटिबायोटिक पाजू नका, विषाणूवर ते चालत नाही. ॲस्पिरिन मुलांना मुळीच नको.

निकाल आला की त्याच आठवड्यात आशाताईंना सोबत घेऊन पाड्यावर जा आणि आईला तिच्या बोलीत समजावून सांगा. इंग्रजी कागद हातात देऊन परतू नका. नाकात काडी घालू दिली आणि पुढे काहीच कळलं नाही, असं एकदा झालं की पुढच्या खेपेला त्या घराचं दार उघडत नाही.