वायफाय जोडलेलं दिसतंय, पण नेट चालत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा

फोनवर वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं, आणि व्हॉट्सॲपचा मेसेज मात्र घड्याळाच्या खुणेवरच अडकलेला. असं होतं, कारण ते चिन्ह फक्त फोन आणि राउटर यांच्यामधली रेंज दाखवतं. राउटरपर्यंत बाहेरून नेट येतंय का, हे त्या रेंजवरून कळत नाही. म्हणून फोनची सेटिंग्ज उचकायच्या आधी घरातला दुसरा फोन किंवा टीव्ही त्याच वायफायवर चालतोय का ते बघा.

कशावरच चालत नसेल, तर तुमच्या फोनचा दोष नाही. राउटरपाशी जा. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेला दिवा असतो. तो लाल झाला असेल तर बाहेरून प्रकाशाचा सिग्नलच पोचत नाहीये. डब्याला लावलेली बारीक वायर कुठे करकचून दुमडली आहे का, कपाटाखाली चेपली आहे का, एवढं बघा आणि कंपनीला फोन लावा. दिवा लाल नसेल तर राउटर बटणावरून बंद करा, मिनिटभराने चालू करा आणि सगळे दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. मागच्या बारीक भोकात पिन मात्र कृपया खुपसू नका. त्याने राउटरमधली कंपनीची सगळी सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात, आणि मग माणूस येईपर्यंत घर नेटविना राहतं.

बाकी सगळं चालतंय आणि तुमचाच फोन अडलाय? मग एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. फरक पडला नाही तर वायफायच्या यादीत त्या नावावर जाऊन ‘फरगेट’ करा आणि पासवर्ड पुन्हा टाका.

तरीही अडलं तर तीन गोष्टी तपासा, कारण त्या सहसा कुणाच्या लक्षात येत नाहीत. तारीख-वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत. ती ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत वळवणारं ॲप, चालू असेल तर बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्याची सेटिंग) कधी काही नाव टाकलं असेल, तर तेही ‘ऑटोमॅटिक’ करा. रेल्वे स्टेशनच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर लॉगिनसाठीचं ओटीपीचं पान उघडत नाही, त्यामागेही बऱ्याचदा यातलंच काहीतरी असतं.

हॉलमध्ये नेट धावतं आणि आतल्या खोलीत रांगतं, ही तक्रार वेगळी. राउटर दोन नावं दाखवत असेल तर त्यातलं ५ गिगाहर्ट्झचं वेगवान असतं, पण भिंतींपुढे लवकर दमतं. आतल्या खोलीत २.४ चं निवडा. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाशेजारी असेल तर तो उघड्यावर, उंच जागी हलवा.

‘नेटवर्क सेटिंग्ज रीसेट’ हा अगदी शेवटचा उपाय. दुकानात तो सर्रास पहिल्यांदा सुचवतात, ते मला पटत नाही. फोटो आणि नंबर राहतात, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. आधी पासवर्ड कागदावर लिहून घ्या. एवढं करूनही फोन शेजाऱ्यांच्या वायफायवरसुद्धा चालला नाही, तर तो दुरुस्तीलाच द्या.